सव्वा महिना: सल्ल्यांचा आणि हातांचा इतिहास

बाळ होणार म्हटलं की घरात सल्ल्यांचा पाऊस सुरू होतो. पपई खाऊ नकोस. ग्रहणात बाहेर पडू नकोस. डाव्या कुशीवर झोप. बाळंतपण झालं की सूर बदलतो. कानाला बांध, गार पाण्यात हात घालू नकोस, डिंकाचा लाडू संपव, वाकू नकोस, रडू नकोस, दूध आटेल. आणि या सगळ्यावर शिक्का एकच: सव्वा महिना घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. पूर्वी हे आई, सासू, आत्या, शेजारच्या काकू सांगायच्या. आता त्यांच्या जोडीला फोन आला आहे. तो आठवड्याआठवड्याला बाळ केवढं झालं हे फळांच्या मापात सांगतो आणि मध्यरात्रीही सल्ला द्यायला तयार असतो.

या सल्ल्यांकडे आपण बहुतेक वेळा एकच प्रश्न घेऊन जातो. हे खरं की खोटं? शास्त्र की अंधश्रद्धा? प्रश्न रास्त आहे आणि त्याची उत्तरंही मिळतात. पण इतिहासात मागे जायला लागलं की आणखी एक प्रश्न सारखा समोर येतो. हा सल्ला बाईला पाळता यावा म्हणून राबत कोण होतं? ‘गार पाण्यात हात घालू नकोस’ या वाक्याला अर्थ तेव्हाच येतो, जेव्हा दुसरं कुणीतरी लंगोट धूत असतं. बाळंतपणाच्या सल्ल्यांचा इतिहास हा निम्मा ज्ञानाचा आहे आणि निम्मा हातांचा. ज्ञानाबद्दल आपण पुष्कळ बोलतो. हातांबद्दल फारसं बोलत नाही.

चरकाची यादी

‘चरकसंहिते’च्या शारीरस्थानात गर्भवतीची महिन्यामहिन्याची दिनचर्या दिलेली आहे. तिला कसं जपावं, यासाठी तिथे एक सुरेख दाखला येतो: काठोकाठ तेलाने भरलेलं भांडं हिंदकळू न देता न्यावं, तसं. ‘सुश्रुतसंहिता’ सांगते की चौथ्या महिन्यापासून बाईच्या ठायी दोन हृदयं असतात, म्हणून तिच्या इच्छा डावलू नयेत. त्या अवस्थेला ‘दौहृद’ म्हणतात. आपले डोहाळे आणि डोहाळजेवण याच कल्पनेच्या घराण्यातले. आवडीचं खायला घालणं हा लाड आहेच. पण पहिला घास इतरांना वाढून मग उरलंसुरलं खाणाऱ्या सुनेला काही महिने तरी हक्काने पुढे बसवण्याची ती एक युक्तीही होती.

त्याच अध्यायात सूतिकागाराची, म्हणजे बाळंतिणीच्या खोलीची, तयारी सांगितली आहे. नववा महिना लागण्याआधी ती खोली सज्ज हवी. तूप, तेल, मध, सैंधव, औषधी, नाळ कापायला धारदार हत्यार अशी सामानाची लांबलचक यादी आहे. या सामानाबरोबर माणसंही मोजलेली आहेत. तिथे अनेकदा बाळंत झालेल्या बायका हव्यात, आणि नुसत्या अनुभवी नव्हे, तर मायाळू, कामात तरबेज, कष्ट सोसणाऱ्या आणि न कंटाळणाऱ्या.

बाळंतपणाच्या खोलीत धीर देणारी माणसं ही औषधाइतकीच गरजेची वस्तू आहे, हे या ग्रंथाने मान्य केलं होतं. अर्थात ज्या घरात नवी खोली बांधता येते आणि चार बायका कामातून मोकळ्या करता येतात, अशा घरासाठीच ही यादी होती. बाकीच्यांची बाळंतपणं ग्रंथात आली नाहीत. ती जात्यावर आली. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी सहकाऱ्यांसह जमवलेल्या एक लाखाहून अधिक ओव्यांमध्ये लेकीचं बाळंतपण, माहेरची वाट आणि तान्ह्याचं कौतुक वारंवार येतं. जी बाई कधी लिहायला शिकली नाही, तिच्या अनुभवाचा तोच दस्तऐवज.

पाचवीची रात्र

महाराष्ट्रातल्या जुन्या घरांतली बाळंतिणीची खोली आजीच्या बोलण्यातून आपल्यापैकी अनेकांना माहीत असते. घरातली आतली, अंधारी खोली. खिडकी असलीच तर बंद. बाजेखाली शेगडी. ओवा, वावडिंग, बाळंतशेपा यांची धुरी. कातबोळ, डिंक, मेथी, अळीव. रोज तेल लावून कडकडीत पाण्याने अंघोळ. दहा दिवस सोयर, म्हणजे शिवायचं नाही. काही घरांत बाळंतिणीला पाणीही मोजून मिळे.

यातल्या बऱ्याच गोष्टींमागे तर्क होता. रक्त गेलेल्या, दमलेल्या शरीराला ऊब, तूप, लोह असलेले पदार्थ आणि विश्रांती मिळावी, हे आजचे डॉक्टरही सांगतात. पण सोयराने घात केला. बाळंतपण अशुद्ध मानलं गेल्यामुळे त्यासाठी घरातली सगळ्यात टाकाऊ जागा आणि सगळ्यात जुनी लक्तरं वापरली जात, कारण नंतर ती फेकून द्यायची असत. अशुद्धतेच्या भीतीने खरोखरची अस्वच्छता त्या खोलीत येऊन बसली. नाळ कापायला विळा, बांबूची कांब, जे हाताशी असेल ते. नाळेवर राख किंवा आणखी काही.

पाचव्या दिवशी पाचवी पुजायची आणि सहाव्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहिते, ही समजूत आपल्या ओळखीची. या रात्री जागरण असतं, दिवा विझू देत नाहीत. नवजात बाळाचा धनुर्वात बहुतेक वेळा जन्मानंतर तिसऱ्या ते चौदाव्या दिवसांत दिसतो. त्यातही पहिल्या आठवड्याच्या शेवटी धोका जास्त. दूध नीट ओढणारं बाळ अचानक तोंड मिटून घेतं, अंग ताठ होतं आणि ते जातं. इंग्रजीतही या आजाराला जुन्या काळी सातव्या-आठव्या दिवसाचा आजार म्हणत. सटवाईची पूजा याच आजारामुळे सुरू झाली, असा पुरावा कुणी देऊ शकणार नाही. पण ज्या रात्री आया डोळ्यांत तेल घालून बसायच्या, त्या रात्री खरोखरच धोक्याच्या होत्या, एवढं नक्की. त्यांना काय होतं ते कळत होतं, का होतं ते ठाऊक नव्हतं. गरोदरपणात धनुर्वाताची लस आणि निर्जंतुक पातं, या दोन साध्या गोष्टींनी ही भीती संपवली. भारतातून माता आणि नवजात बालकांचा धनुर्वात हटल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलं ते २०१५ साली. म्हणजे अगदी काल.

या खोलीत नाळ कापणारे हात कुणाचे होते? गावोगावी सुईणीचं काम बहुधा मांग, महार किंवा न्हावी समाजातल्या बायका करत. जिच्या स्पर्शाने एरवी विटाळ व्हायचा, तिच्याच हातात घराण्याचा वारस पहिल्यांदा यायचा. काम झालं की धान्य, जुनं लुगडं, खण. पुढचे दिवस घरातली एखादी विधवा आत्या किंवा मावशी बाळंतिणीचं करायची. तिला कुणी मोबदला दिल्याची नोंद नाही, कारण ती आश्रितच होती. सव्वा महिन्याची विश्रांती या फुकट किंवा स्वस्त हातांवर उभी होती.

आणि त्या हातांच्या स्वतःच्या बाळंतपणाचं काय? बेबीताई कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ हे आत्मकथन १९८६ साली पुस्तकरूपाने आलं. महारवाड्यातली बाळंतपणं त्यात आहेत. कोवळ्या वयातली पोर, अडलेलं मूल, भोवती जमलेल्या बायांची धडपड, आणि सुटका झाल्यावर घरात शिजवायला काही नाही. डिंक-तुपाचा सल्ला तिथेही सगळ्यांना माहीत असणार. घरात ना डिंक होता, ना तूप.

दहा दिवसांचं बाळ

एकोणिसाव्या शतकात काही माणसांनी या अंधाऱ्या खोलीचं दार ढकललं. १८६३ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. ज्या विधवेला दिवस गेले, तिला समाज एकच सल्ला देत होता: मर, नाहीतर मूल मार. फुले दांपत्याने दुसरा पर्याय दिला. गुपचूप या, सुखरूप बाळंत व्हा, मूल न्यायचं तर न्या, नाहीतर इथे ठेवा. तिथे आलेल्या काशीबाई नावाच्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा या दांपत्याने दत्तक घेतला. तोच यशवंत पुढे डॉक्टर झाला. बाळंतिणीची सेवा, तान्ह्यांना सांभाळणं हे काम सावित्रीबाई स्वतः करत. त्या काळातल्या सुधारणेच्या अनेक भाषणांपेक्षा हा उपक्रम वेगळा ठरतो तो यामुळे. इथे उपदेश कमी होता आणि हात जास्त होते.

पंडिता रमाबाईंनी १८८२ साली ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिलं. मराठीत स्त्रीने स्त्रियांसाठी लिहिलेल्या आरंभीच्या सल्ल्याच्या पुस्तकांपैकी ते एक, आणि मुलांच्या संगोपनाचा विषयही त्यात आहे. पुस्तक आलं तेव्हा त्यांची मनोरमा जेमतेम सव्वा वर्षाची होती आणि नवरा जाऊन काही महिनेच झाले होते. त्याच वर्षी हंटर आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी सांगितलं की या देशाला स्त्री डॉक्टर हव्यात, कारण पुरुष डॉक्टरला दाखवायच्या संकोचापायी बायका मरत आहेत.

आनंदीबाई जोशींना ते अनुभवाने ठाऊक होतं. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत गेला. पुरेशी वैद्यकीय मदत मिळाली नाही. हीच जखम त्यांना फिलाडेल्फियाला घेऊन गेली. १८८६ साली पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्या पदवीधर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय अनेकांना माहीत नसतो. तो होता आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. संस्कृत ग्रंथांतलं गर्भिणीचं आणि बाळंतिणीचं शास्त्र त्यांनी अमेरिकन परीक्षकांसमोर मांडलं. जुनं सगळं फेकून द्या असं त्यांनी म्हटलं नाही, आणि जुनं आहे म्हणून घरीही बसल्या नाहीत. परत येऊन काम सुरू करण्याआधीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, त्या गेल्या. वय होतं एकवीस.

त्याच सुमारास सरकारी पातळीवरही हालचाल झाली. १८८५ साली डफरिन फंड स्थापन झाला, १८८६ साली मुंबईत फक्त स्त्री डॉक्टरांनी चालवलेलं कामा हॉस्पिटल उघडलं, १९०३ साली सुईणींना प्रशिक्षण देण्यासाठी व्हिक्टोरिया मेमोरियल फंड आला. यातून हजारो जीव वाचले. पण या सगळ्याचा रोख एका व्यक्तीवर होता: घाणेरडी, अडाणी सुईण. तिची नखं, तिचं लुगडं, तिचा विळा. टीका खोटी नव्हती, पण अर्धी होती. १८४७ साली व्हिएन्नातल्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस यांनी दाखवून दिलं होतं की डॉक्टरांच्या वॉर्डात सुईणींच्या वॉर्डापेक्षा जास्त बायका बाळंतज्वराने मरतात. कारण डॉक्टर शवविच्छेदन करून तसेच प्रसूतीला येत. हात धुवायला लावले तेव्हा मृत्यू एकदम घटले. मोठमोठ्या प्राध्यापकांनी हे मानायला पुढे कित्येक वर्षं घेतली. हात पदवीधर असले तरी धुतलेले असतीलच असं नव्हतं.

बाळागोळी

आता वाड्यातून गिरणगावात येऊ. १९२०च्या दशकात मुंबईच्या कापड गिरण्यांत काम करणाऱ्यांमध्ये साधारण पाचवा हिस्सा बायकांचा होता. कोकणातून, घाटावरून आलेल्या या बायका परळ-लालबागच्या चाळींत एका खोलीत राहत. तिथे ना आतली खोली होती, ना विधवा आत्या. बाळंतपणासाठी जमलं तर गावी जायचं, नाही जमलं तर शेवटच्या दिवसांपर्यंत खात्यात उभं राहायचं. परत लवकर यायचं, नाहीतर मजुरी बुडते.

मग तान्ह्या बाळाचं काय करायचं? १९२२च्या सुमारास डॉ. बार्न्स या स्त्री डॉक्टरने सरकारसाठी मुंबईतल्या कामगार बायकांच्या स्थितीची पाहणी केली. त्यात आढळलं की या बायकांच्या दर १०० बाळांपैकी ९८ बाळांना अफू दिली जाते. त्या गोळीला नाव होतं बाळागोळी. सकाळी कामावर जाण्याआधी गोळी चाटवली की बाळ दिवसभर झोपून राहायचं. भूक लागली तरी रडायचं नाही. अशी बाळं वाळत जात.

बाळाला अफू देऊ नये, हे त्या आईला कुणी सांगायला हवं होतं का? कदाचित तिला ठाऊकही असेल. पण दहा तासांच्या पाळीला जाणाऱ्या बाईला ‘बाळाला दर दोन तासांनी पाजा’ हे सांगणं म्हणजे विनोद होता. बाळागोळी ही अज्ञानाची गोळी जितकी होती, त्याहून जास्त ती पाळणाघर नसल्याची गोळी होती. १९२१ साली मुंबईत नोंद झालेल्या दर हजार जन्मांमागे सहाशेंहून जास्त अर्भकं दगावल्याची नोंद आहे. हा आकडा जरा सावधपणे वाचायला हवा, कारण गावी जन्मलेली आणि मुंबईत येऊन वारलेली बाळं जन्माच्या नोंदीत नसत, मृत्यूच्या नोंदीत असत. तरीही एका खोलीच्या बिऱ्हाडात मृत्यू सगळ्यात जास्त होते, हे स्पष्ट होतं.

उत्तर कायद्यात शोधलं गेलं. मुंबई कायदे मंडळात प्रसूती लाभ विधेयक आलं तेव्हा गिरणीमालकांचा आक्षेप होता की हा खर्च आमच्या गळ्यात का. २८ जुलै १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विधेयकाच्या बाजूने भाषण केलं. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, त्यामुळे हा भार मुख्यतः सरकारने उचलायला हवा, पण जो मालक बाईच्या श्रमातून फायदा घेतो त्यालाही हात झटकता येणार नाहीत, असा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. १९२९ साली कायदा झाला. भारतातला असा पहिला. मुंबईतल्या गिरणी कामगार बाईला काही आठवडे सुट्टी आणि दिवसाला ८ आणे.

रक्कम लहान होती, पण कल्पना मोठी होती. सव्वा महिन्याची विश्रांती घराण्याच्या ऐपतीवर आणि आत्याच्या लाचारीवर न राहता पहिल्यांदा हक्क म्हणून लिहिली गेली. अर्थात पळवाटाही लगेच निघाल्या. पैसे द्यावे लागू नयेत म्हणून गरोदर बाईला आधीच कामावरून काढण्याचे प्रकार झाले. आजही मुलाखतीत ‘लग्नाचं काय? मुलांचं काय?’ विचारलं जातं, त्याची मुळं इथपर्यंत जातात.

याच काळात मुंबईत आणखी एक माणूस बायकांना वेगळाच सल्ला देत होता. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं, आणि १९२७ पासून मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. मूल कधी आणि किती, हे बाईला ठरवता आलं तरच बाकीच्या सल्ल्यांना अर्थ आहे, ही त्यांची भूमिका. त्यापायी प्राध्यापकी गेली, खटले झाले. पत्नी मालतीबाई कमावत होत्या म्हणून घर चाललं. इथेही कुणाचे तरी हात होतेच.

दारात आलेली बाई

स्वातंत्र्यानंतर बाळंतपण हळूहळू घरातून दवाखान्यात गेलं. २०१९–२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात जवळपास ९५ टक्के प्रसूती रुग्णालयात होतात. बाळंतपणात मरणं ही आता रोजची गोष्ट राहिली नाही. पणजीच्या पिढीला हे स्वप्नासारखं वाटलं असतं. पण रुग्णालय दोन-तीन दिवसांत घरी पाठवतं, सिझेरियन असेल तर आणखी थोड्या दिवसांनी. पुढचे दिवस पुन्हा घरचेच.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी नेमकं याच दिवसांकडे लक्ष दिलं. १९९०च्या दशकात तिथल्या आडगावांत दवाखाना लांब, रस्ते नाहीत, पावसाळ्यात गाव तुटलेलं. बाळं घरीच जन्मायची आणि बरीच पहिल्या महिन्यात जायची. त्यांनी गावातल्याच थोडंफार शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. बाळंतपणाच्या वेळी हजर राहायचं, बाळाचं वजन करायचं, त्याला ऊबदार ठेवायचं, आईला पाजायला शिकवायचं, श्वास मोजायचा, जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर औषध आणि इंजेक्शनही द्यायचं. आणि महिनाभर पुन्हा पुन्हा घरी जायचं. ३९ गावांत हा प्रयोग झाला. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले: तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षात ६२ टक्क्यांनी घटला होता.

एकेकाळी जिच्या नावाने बोटं मोडली जात, ती गावातली बाईच इथे पुन्हा उभी राहिली. फरक एवढाच की तिला आता प्रशिक्षण, वजनकाटा, औषधं आणि मोबदला मिळाला होता. २०११ पासून हीच पद्धत देशभरात ‘आशा’ कार्यकर्तींमार्फत आली. दवाखान्यात प्रसूती झाली असेल तर आशाताईने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जायचं असतं. शेवटची भेट बेचाळिसाव्या दिवशी. वैद्यकशास्त्र बाळंतिणीचा काळ सहा आठवडे मानतं. आजीचा सव्वा महिना त्याच्या अगदी जवळ जातो.

रडू नकोस, दूध आटेल

शरीराच्या धोक्यांवर उपाय सापडत गेले, मनाचं काय? जुन्या काळी बाळंतीण गप्प झाली, उगाच रडायला लागली, बाळाकडे बघेना, की ‘बाळंतवात’ म्हणत, किंवा ‘बाहेरचं लागलं’. म्हणजे काहीतरी होतं हे लोकांना दिसत होतं.

विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यातल्या एका जिल्हा रुग्णालयात २७० गरोदर बायकांना प्रसूतीनंतरही भेटून अभ्यास केला. तो २००२ साली प्रसिद्ध झाला. सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आयांमध्ये नैराश्य आढळलं. कुणात जास्त? जिथे घरात गरिबी होती, नवऱ्याशी संबंध ताणलेले होते, आणि मुलगी झाली होती तिथे. शेवटचं कारण पुन्हा वाचा. मुलगी झाली म्हणून कुणी काही बोललं, किंवा कुणी काहीच बोललं नाही, त्याचा हा वैद्यकीय परिणाम आहे. पुढे गोव्यातच शेजारपाजारच्या प्रशिक्षित बायकांनी अशा गरोदर स्त्रियांना आणि नव्या आयांना नियमित भेटून आधार देण्याचा प्रयोग झाला, त्याचाही उपयोग दिसला. घरी येऊन ऐकून घेणारी बाई, एवढंच ते औषध होतं.

पहिले काही दिवस रडू येणं, चिडचिड होणं हे पुष्कळ आयांना होतं आणि ओसरतं. पण दोन आठवड्यांनंतरही मन उठत नसेल, झोपायची संधी मिळूनही झोप लागत नसेल, स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील, तर तो स्वभावाचा दोष नाही, आजार आहे आणि बरा होतो. डॉक्टरांना सांगा. इजा करण्याचे विचार असतील तर दोन आठवडे थांबू नका, त्याच दिवशी सांगा आणि आईला एकटं सोडू नका. ‘टेली मानस’ची सरकारी हेल्पलाइन १४४१६ वर मराठीतही बोलता येतं.

आजचा सव्वा महिना

मग जुन्या सल्ल्यांपैकी काय ठेवायचं? वैद्यकशास्त्राचं उत्तर थोडक्यात असं आहे. पहिलं चिकाचं दूध काढून टाकायचं नाही, ते बाळाला पाजायचंच. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध. गुटी, मध, पाणी नको. मध तर वर्षभर नको. नाळ कोरडी ठेवायची, तिच्यावर काही लावायचं नाही. खोलीत धूर नको, काजळ नको. आईने भरपूर पाणी प्यायचं. हलकी मालीश, ऊब, अळीव-डिंकाचे लाडू आणि विश्रांती यांना कुणाची हरकत नाही.

यादी सोपी आहे. अवघड आहे ती जुन्या खोलीतली दुसरी गोष्ट, म्हणजे हात. एकत्र कुटुंबातली आश्रित आत्या आता नाही, आणि ती परत यावी असं म्हणणं तिच्यावर अन्याय आहे. तिच्या जागी पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये मालीशवाल्या मावशी तासाने येतात. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात असलेल्या लेकीसाठी आई सहा महिन्यांच्या व्हिसावर, बॅगेत अळीव आणि सुंठ भरून जाते. २०१७च्या दुरुस्तीने पगारी प्रसूती रजा १२ वरून २६ आठवडे झाली आणि पन्नास किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची अट घातली गेली. पण हा कायदा ऊसतोडीच्या कोपीत, बांधकामाच्या साइटवर किंवा धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या दारात पोहोचत नाही. आणि बाप? केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला १५ दिवस रजा मिळते. खासगी नोकरीत तेवढ्याचीही कायद्याने हमी नाही. हजारो वर्षांच्या या इतिहासात सल्ला देणारे पुरुष पुष्कळ सापडतात. रात्री उठून लंगोट बदलणारा पुरुष नोंदीत क्वचितच सापडतो. नवीन पिढीला इतिहासात काही भर घालायची असेल तर ही जागा रिकामी आहे.

म्हणून तुमच्या घरी बाळ येणार असेल, तर सातव्या महिन्यात चरकासारखी एक यादी करा. तूप-तेलाची नव्हे, माणसांची. पहिले सहा आठवडे स्वयंपाक कोण करणार? रात्री दोन वाजता बाळाला कोण घेणार, म्हणजे आईला सलग चार तास झोप मिळेल? कपडे कोण धुणार? भेटायला येणाऱ्यांना दारातून परत कोण पाठवणार? मदतीला येणाऱ्या मावशींना पगार किती आणि सुट्टी कधी? प्रत्येक कामापुढे एक नाव लिहा, आणि सगळीकडे एकाच बाईचं नाव येत असेल तर ती यादी पुन्हा करा.

आणि मैत्रिणीला नुकतंच बाळ झालं असेल, तर तिला आणखी एक सल्ला पाठवू नका. तिच्याकडे ते भरपूर आहेत. डबा घेऊन जा, बाळ तासभर सांभाळा आणि तिला झोपू द्या. निघताना भांडी घासून या.